बाळराजांचा लोखंडी पाळणा

मी एक जुना लोखंडी नळा आहे. गेवराई तालुक्यात, उमापूरच्या शिवारात, मोसंबीच्या एका बागेच्या कडेला मी उभा आहे. उभा म्हणजे मला तीन पाय जोडले आहेत म्हणून उभा. नाही तर नळ्याच्या नशिबी आडवे पडणेच असते. माझे तोंड आभाळाकडे आहे आणि ते आतून काळेठिक्कर पडले आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते, पाण्याच्या टाकीचा राहिलेला पाय असेल. तसे नाही, मित्रांनो. मला इथे सगळे पाळणा म्हणत. माझ्यात जे ठेवत, त्याला बाळराजे म्हणत. ही गोड नावे कशी पडली आणि त्या नावांपायी एका बाईचे काय झाले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. तुमच्यातले काही जण शाळेत जाताना गायरानातून आडवाट धरतात. मी इथून रोज पाहतो आणि मला धस्स होते.

मी मूळचा बोअरचा पाइप. बागेच्या मालकांनी, विजयसिंहांनी, बोअर घेतले तेव्हा मला ट्रॅक्टरवर घालून इथे आणले. जमिनीत उतरायचे, माती ढासळू द्यायची नाही आणि आतून पाणी वर जाताना त्याचा गारवा अनुभवायचा, एवढीच माझी इच्छा होती. पण बोअरमधून नुसता फुफाटा वर आला. मला उपसून काढले आणि शेडच्या मागे टाकून दिले. तिथे माझ्यात पाली राहिल्या, एका वर्षी तर सापाने कात टाकली. मला त्याचे वाईट वाटले नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

शेडमागे पडल्या पडल्या मी एक गोष्ट पाहिली होती, ती आधी सांगतो. शेजारच्या शेतात विहीर खोदत होते. खाली काळा पाषाण लागला की गडी त्यात भोके पाडून सुरुंग भरायचे. मग एक जण बांधावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "सुरुंग हाय! सरका! सुरुंग हाय!" तो शब्द कानावर पडला की काम करणाऱ्या बाया हातातले खुरपे टाकून पळायच्या. बैल सोडून माणसे पळायची. शेडमधले कुत्रेसुद्धा शेपूट घालून माझ्यात शिरायचे. कुणालाही समजावून सांगावे लागत नसे. त्या एका शब्दाला पाय फुटलेले होते आणि तो सगळ्यांचे पाय पळवायचा. म्हणून त्या विहिरीवर कुणाला साधे खरचटलेसुद्धा नाही.

मग एका फाल्गुनात गारा पडल्या. भर दुपारी आभाळ जांभळे झाले, आणि बघता बघता झाडांखाली मोसंब्यांचा खच पडला. पाने फाटली, फांद्या सोलून निघाल्या. पलीकडच्या रानात बंकट मेंढक्याचा कळप बसवलेला होता. दर वर्षी तो आपली मेंढरे घेऊन यायचा, विजयसिंह त्याला रान द्यायचे आणि मेंढरांच्या लेंड्यांचे रानाला खत व्हायचे. त्या दिवशी त्याची कोवळी कोकरे गारांखाली मेली. त्याची बायको दगडाबाई एकेक कोकरू पदरात घेऊन बांधाला आणून ठेवत होती. ती रडत नव्हती. आभाळाकडे तोंड करून शिव्या देत होती. खूप तिखट तोंडाची बाई. पण कोकराला हात लावताना मात्र तिचा हात इतका हलका व्हायचा की बघत राहावे.

गारांच्या तडाख्यानंतर महिन्याभरात एक माणूस मोटारीतून आला. गारा फोडणारी रॉकेटे तो विकत होता. रॉकेट ढगात जाते, तिथे फुटते, त्यातली भुकटी पसरते आणि गारा तयारच होत नाहीत, असे त्याचे म्हणणे. खरेच होत नाहीत का, हे मला आजतागायत कळलेले नाही. ढगांनी मला कधी सांगितले नाही. पण त्या माणसाची भाषा ऐकून मी शेडमागे अंग चोरले. ढग म्हणजे शत्रू. त्याचा वेध घ्यायचा. त्याच्यावर मारा करायचा. मोहीम फत्ते करायची. विजयसिंह तालुक्याच्या राजकारणातले माणूस, त्यांना ही भाषा लगेच आवडली. त्यांनी मूठ वळून सांगितले, "आता ढगाशी गाठ आपली!"

रॉकेट सोडायला एक भक्कम नळा हवा होता. कुणाला तरी माझी आठवण झाली. मला घासले, पाय जोडले, चांदीसारखा रंग दिला आणि बागेच्या कडेला उभे केले. खोटे कशाला बोलू, मला अभिमान वाटला. जमिनीत उतरायला आलेला मी आभाळाकडे बघू लागलो.

रॉकेटे पेटीतून बाहेर आली तेव्हा बागेचा राखणदार आश्रुबा पुढे झाला. ती माझ्यात ठेवायचे काम त्याच्याकडे होते. लांबट, मनगटाएवढी जाड, पांढरी नळकांडी. प्रत्येकाच्या अंगावर लाल कागद आणि त्या कागदावर कवटी अन् दोन हाडे. आश्रुबाने एक उचलले आणि त्याचे हात लटलटा कापायला लागले.

"मालक, ह्यो तर सुरुंगच हाय की!" तो म्हणाला.

विकणारा माणूस घाईने म्हणाला, "छे छे, तो शब्द वापरायचा नाही. लोक घाबरतात. उपकरण म्हणा."

विजयसिंहांची बहीण विजयमाला तेव्हा माहेरपणाला आलेली होती. हसऱ्या तोंडाची, कुणाची भीती घालवायला नेहमी पुढे. तिला आश्रुबाचे कापणारे हात बघवले नाहीत. ती म्हणाली, "उपकरण काय उपकरण! आश्रुबा, तान्ह्या लेकरासारखं धरा बघू. बाळ घेताना कुणाचे हात कापतात का?" मग तिचे लक्ष त्या कवटीकडे गेले. "अगंबाई, हे काय अभद्र! शुभ कामाला कवटी कुठे चालते?"

तिने घरातून काजळाची डबी मागवली. बोटावर काजळ घेऊन त्या कवटीवर नीट गोल टिक्का लावला. कवटी दिसेनाशी झाली. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण गालाला तीट लावतो ना, अगदी तसा तो टिक्का. सगळे हसले. आश्रुबाचे हात थांबले. तिच्या मनात काडीचेही वाईट नव्हते, मित्रांनो. ती प्रेमळच बाई आहे. पण त्या पांढऱ्या नळकांड्याच्या अंगावर खरे बोलणारी तेवढी एकच जागा होती.

दुसऱ्या दिवशी बारसे झाले. तुम्ही हसाल, पण खरोखर बारसे झाले. मला झेंडूच्या माळा घातल्या. वस्तीवरच्या बाया नटूनथटून आल्या. घुगऱ्या वाटल्या. रॉकेट पाटावर ठेवले आणि विजयमाला आत्या झाली. तिने त्याच्याजवळ वाकून 'कुर्रर्र' केले आणि जाहीर केले, "नाव ठेवलं बाळराजे!" रिवाजाप्रमाणे बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तिची हसून पुरेवाट झाली. मी झालो पाळणा. विकणाऱ्या माणसाने माझ्याभोवती लांबवर फक्कीची पांढरी रेघ मारली होती आणि उडवताना या रेघेच्या आत कुणी थांबायचे नाही, असे बजावले होते. बारशाच्या दिवशीच बायांच्या पावलांनी ती अर्धी पुसली गेली.

पहिले बाळराजे माझ्यातून निघाले तेव्हा माझे काळीज हादरले. नळ्याला काळीज नसते असे म्हणाल, तर त्या वेळी तुम्ही आत असायला हवे होते. आग, धूर आणि एक भयंकर धक्का. मग वर कुठे तरी धडाड आवाज. लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणी तरी म्हणाले, "बाळराजे हसले!" आणि तेव्हापासून त्या धडाक्याला हसणे म्हणायची चालच पडली.

हळूहळू अशी बरीच बोली तयार झाली. रॉकेट वाकडे गेले तर बाळराजे हुंदडायला गेले. वात पेटूनही जागचे हलले नाही तर रुसले. मग आश्रुबा रेघ ओलांडून माझ्याजवळ यायचा, लाडीगोडी लावायचा आणि नवी वात घालायचा. रुसलेल्याजवळ तासभर फिरकू नका, असे विकणाऱ्या माणसाने सांगितले होते. पण रुसलेल्या लेकराला तासभर एकटे कोण ठेवतो? आणि वर जाऊन जे फुटलेच नाही, तसेच्या तसे खाली आले, त्याला म्हणायचे झोपले. मी आतून आक्रोश करायचो. माझे तोंड एवढे मोठे, पण त्यातून बोलता येत नाही, नुसते ओकता येते.

लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढू लागले. रेघ पुन्हा कुणी मारलीच नाही. आश्रुबा मात्र नेमाने एक गोष्ट करायचा. प्रत्येक नव्या बाळराजाच्या अंगावर, बरोबर त्या कवटीवर, काजळाची ठसठशीत तीट लावायचा. तीट लावल्याशिवाय त्याला माझ्यात ठेवायचे धैर्य होत नसे.

पुढच्या हंगामात बंकटचा कळप पुन्हा आला. या वेळी त्यांच्याबरोबर मुलगा भागवत, सून स्वप्ना आणि तिचे तान्हे बाळ होते. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात ते बाळ झोपायचे. बाभळीखालीच तीन दगडांची चूल. चुलीपासून थोड्या अंतरावर वेळूचे डालगे पालथे घातलेले. नुकती जन्मलेली कोकरे त्या डालग्याखाली झाकून ठेवायची, म्हणजे ती भटकत नाहीत, तुडवली जात नाहीत आणि चुलीची ऊब त्यांना लागते. मेंढक्यांची ती जुनी रीत. मला माझ्या जागेवरून सगळे दिसायचे. खरा पाळणा कसा असतो, हे मी तिथे पाहिले.

दगडाबाईला मात्र माझी काळजी लागून राहिली. तिची मेंढरे गायरानात चरायची आणि बाळराजे त्याच बाजूला जायचे. एक दिवस तिने आश्रुबाला गाठले.

"आश्रुबा, वर जातंय ते खाली कुठं येतंय रं?"

"खाली काय येतंय आक्का! वर फुटतंय, त्याची राख हुती."

"आन न्हाई फुटलं तर?"

"तर झोपलं म्हनायचं."

"झोपल्यालं उठतं का न्हाई?"

आश्रुबा हसला. "लई इचारती बया तू! सापडलंच तर भिजू दिऊ नगं. हितं आनून दे. मालक खूष हुतील."

मित्रांनो, तिने अगदी बरोबर प्रश्न विचारला होता. पण उत्तर देणाऱ्यालाच ते ठाऊक नव्हते. त्याने स्वतः काजळ लावून ते झाकून टाकले होते.

पुन्हा एकदा आभाळ जांभळे झाले. विजयसिंह धावत आले, आश्रुबाने एकामागून एक बाळराजे सोडले. त्या दिवशी दोघे हसलेच नाहीत. धुराची पांढरी रेघ ओढत ते गायरानाकडे गेले आणि दिसेनासे झाले. गारा पडल्या नाहीत, नुसते वारे सुटले. मोहीम फत्ते झाली म्हणून पेढे वाटले गेले. कुणी तरी त्या दोघांची आठवण काढली, तेव्हा विजयसिंह म्हणाले, "झोपू द्या की. झोपलेल्याला कशाला उठवायचं?"

दुसऱ्या दिवशी विजयसिंहांच्या घरची सगळी मंडळी आणि आश्रुबा शिरूर कासारला लग्नाला गेले. शेडला कुलूप होते. दुपारी गायरानातून दगडाबाई येताना मला दिसली. तिने पदराची ओटी केली होती आणि त्यात काही तरी जपून धरले होते. कोकरू असेल असे मला आधी वाटले. मग पांढरे टोक दिसले.

ती माझ्यापाशी आली. शेडचे कुलूप पाहून घुटमळली. आभाळातून चार थेंब पडले तशी तिने पदर अजून ओढून घेतला. आश्रुबाने बजावले होते ना, भिजू देऊ नको. ती त्या नळकांड्याकडे बघून म्हणाली, "तीट लावलीया गालाला, आन टाकून दिलंया रानात. काय मानसं तरी!" तिच्या आवाजात राग होता आणि मायाही होती. मी तिला ओरडून सांगायचा प्रयत्न केला. वारा माझ्या तोंडावरून गेला आणि नुसता घूं असा आवाज निघाला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि ती बाभळीजवळच्या आपल्या पालाकडे निघून गेली.

तिथे तिने काय करावे? जे ती आयुष्यभर करत आली, तेच केले. लहान, नाजूक, हरवलेले आणि भिजू द्यायचे नाही असे जे काही असते, त्याची जागा तिला ठाऊक होती. तिने रिकामे डालगे उचलले, ते नळकांडे खाली ठेवले आणि वरून झाकले. शेजारी चूल पेटलेली होती. स्वप्ना डालग्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. डोक्यावर बाभळीच्या फांदीला झोळी हलत होती.

मला जे दिसले, ते मी कधीही विसरणार नाही. वारे फिरले. चुलीतला एक निखारा उडून डालग्यापाशी पडला. वेळूच्या कामट्या आधी धुरकटल्या. मग डालग्याखालून बारीक सूं सूं आवाज येऊ लागला. स्वप्नाला वाटले, कोकरू कण्हते आहे. ती म्हणाली, "आत्या, कोकराला काय झालं बगा." दगडाबाईने मान वळवली. डालग्याखाली कोकरू नव्हते, हे फक्त तिलाच माहीत होते.

ती पळून जाऊ शकली असती. पण झोळीतले बाळ तिथेच होते. तिने डालगे भिरकावले, ते नळकांडे उजव्या हाताने उचलले आणि नांगरटीकडे धावत फेकायला हात मागे नेला. तेवढ्यातच बाळराजे हसले.

बाळ वाचले. स्वप्ना वाचली, तिच्या गालावर थोडे भाजले. दगडाबाईचा उजवा हात मनगटापासून गेला आणि दोन्ही कानांचे पडदे फाटले. बंकट धावत आला तेव्हा ती शुद्धीवर होती आणि झोळीकडे बघून ओठ हलवत होती. तिला आपलाच आवाज ऐकू येत नव्हता.

बीडच्या दवाखान्यात ती बरेच दिवस राहिली. इकडे विकणारा माणूस मोटारीतून येऊन गेला. माझ्या सावलीत उभा राहून तो विजयसिंहांना समजावत होता, "हा स्फोट म्हणता येणार नाही. हा उशिरा आलेला प्रतिसाद आहे." भेटायला येणाऱ्यांना विजयसिंह सांगत, "बाळराजांनी जरा खोडी काढली." दगडाबाईच्या औषधपाण्याला त्यांनी काही कमी पडू दिले नाही, हेही खरे. पण खोडी हा शब्द ऐकून आश्रुबा एकदा माझ्या पायाशी बसून हुंदके देत रडला. त्याने ती काजळाची डबी बांधावरून लांब फेकली. बंकटने आणि त्याने काठीने झुडपे बाजूला करत दुसरे झोपलेले नळकांडे पुष्कळ शोधले. सापडले नाही. मग पाऊस आला आणि गायरानात गुडघाभर गवत माजले.

वर्ष उलटले. मोसंबीला पुन्हा मृग बहार धरला होता आणि निवडणूकही जवळ आली होती. विजयसिंहांनी नवी पेटी मागवली. मला पुन्हा रंग दिला. झाले गेले विसरून जावे आणि सगळ्यांचे तोंड गोड व्हावे, म्हणून त्यांनी पुन्हा बारसे ठरवले. नवे नाव निवडले होते, प्रसाद. बाळराजे म्हटले की लोकांना आता त्या दिवसाची आठवण व्हायची. प्रसादाला मात्र कुणी नको म्हणत नाही. आणि आत्या होण्याचा मान त्यांनी दगडाबाईला द्यायचे ठरवले. बंकटने आधी साफ नकार दिला. पण दगडाबाईला खाणाखुणांनी सगळे समजावले तेव्हा ती म्हणाली, "जाती मी. नाव ठिवायचं हाय ना? ठिवती."

मंडप घातला. माळा आल्या, घुगऱ्या आल्या. विजयमालाही सासरहून आली होती, पण या वेळी तिचे तोंड हसरे नव्हते. दगडाबाईच्या अंगावर नवे लुगडे होते आणि उजवा हात पदराखाली होता. पाटावर नवे रॉकेट ठेवले होते. आश्रुबाने तीट लावायला नकार दिला होता, म्हणून दुसऱ्याच कुणी तरी लावली होती. माझ्याभोवती गर्दी दाटली होती. फक्कीची रेघ नव्हतीच. बाया लेकरांना कडेवर घेऊन अगदी पाटापर्यंत आल्या होत्या.

दगडाबाई खाली बसली. आत्या बाळाच्या कानात हळूच सांगते, तशी ती वाकली. पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याला कुजबुजता येत नाही. तिचे शब्द साऱ्या मंडपाने ऐकले.

"तुजा काई दोस न्हाई," ती त्या नळकांड्याला म्हणाली. "पर तू लेकरू न्हाईस."

मग तिने डाव्या हाताने पदराचे टोक घेतले, जिभेने ओले केले आणि बाळाचे तोंड पुसावे तशी ती तीट पुसायला लागली. काजळ पसरले, फिके झाले. खालून लाल कागद दिसला. मग कवटी आणि दोन हाडे. तिने बोट ठेवून ती सगळ्यांना दाखवली.

"ही मला वळखू येती. लायटीच्या डीपीवर बी आसती, फवारनीच्या बाटलीवर बी आसती. मला लिवता वाचता येत न्हाई, पर कवटी कळती. ही कावून झाकली?"

  विजयसिंह कसेबसे हसले आणि खुणेने म्हणाले, नाव सांगा, मावशी, नाव. बायांनी सवयीने धपाट्यासाठी हात वर केले होते.

दगडाबाई उठून उभी राहिली. विहिरीच्या बांधावरचा गडी ओरडायचा, तशी ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

"सुरुंग हाय! सरका! सुरुंग हाय!"

आणि मित्रांनो, त्या शब्दाचे पाय अजून शाबूत होते. बाया लेकरांना छातीशी धरून पळाल्या. घुगऱ्यांची परात कलंडली. म्हातारी माणसे पळाली, मंडपवाले पळाले. विजयसिंह स्वतः ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहिले. जिथे पूर्वी फक्कीची रेघ होती, तिच्याही पलीकडे सगळा गाव जाऊन थांबला. कुणी कुणाला काही समजावून सांगितले नाही. पाटाजवळ फक्त दगडाबाई राहिली आणि मी.

तिने त्या सगळ्यांकडे एकवार पाहिले. मग पदराखालचा हात बाहेर काढला, जिथे पंजा नव्हता.

"आता कसं पळालात," ती म्हणाली. "मला बी आसंच पळायचं व्हतं."

त्या दिवसानंतर उमापूरच्या शिवारात कुणी त्याला प्रसाद म्हटले नाही. पेटी तशीच परत गेली, कारण सुरुंग भरायला कुणी गडी मिळेना. माझा रंग उडाला, पायांना गंज चढला. माझी काहीच तक्रार नाही. मात्र परवा विजयसिंह माझ्या शेजारी उभे राहून फोनवर बोलत होते. नवीन प्रकार आला आहे, म्हणे, नळा लागत नाही, आवाजही कमी. पलीकडच्याने काही तरी सांगितले आणि ते खुशीत म्हणाले, "वा! नाव छान आहे." ते नाव काय, हे मला ऐकू आले नाही. तेव्हापासून माझे लक्ष कशातच लागत नाही.

मित्रांनो, माझे आयुष्य संपत आले आहे, पण तुमचे पुढे आहे. कुणी एखादी वस्तू हातात देऊन तिचे लाडके नाव सांगितले, तर आधी विचारा की ही करते काय. तिच्या अंगावर काही झाकले असेल तर मोठ्यांना ते दाखवायला लावा. आणि एक विनंती. गायरानातल्या आडवाटेने जाऊ नका. त्या दिवशी न फुटलेली दोन होती. एक दगडाबाईला सापडले. दुसरे अजून तिथेच आहे, गवतात कुठे तरी. तुम्हाला कधी पांढरे लांबट काही दिसले, तर उचलू नका, दगड मारू नका, जवळून बघू नका. आल्या पावली मागे फिरा आणि दगडाबाई ओरडली तसे ओरडा. ते झोपलेले नाही. त्याच्या अंगावरची तीट काजळाची आहे, तेलकट आहे. एवढ्या पावसातही कवटीवरून ती अजून गेली नसेल.